दोन ओव्हरचा जावई

“तुम्हाला आमच्या पायलताईशी लग्न करायचंय, की नुसती आमच्या गावाकडून बॉलिंग टाकायचीय?”

कृतिकाने हे विचारलं तेव्हा तिच्या हातात कोकम सरबताचा ट्रे होता. समोर टिटवाळ्याहून आलेली पाहुणेमंडळी सोफ्यावर ओळीने बसली होती, आणि त्या ओळीच्या टोकाला, पाय जवळ घेऊन, हर्षित. दिवाणखान्यातले सगळे आवाज एकदम बसले. आईने पदर तोंडाशी नेला. बाबा, म्हणजे कोपरचे काळुरामशेठ, ज्यांच्यापुढे बिल्डरसुद्धा खुर्चीच्या कडेवर बसतात, ते नुसते पंख्याकडे बघत राहिले.

हा प्रश्न तिचा एकटीचा नव्हता. आदल्या दिवशी क्लासच्या बाहेर तिच्या वर्गातल्या करिश्मा आणि सम्यकने पैज लावली होती. सम्यक म्हणालेला, स्टेजवर बोलणं वेगळं आणि घरात बोलणं वेगळं, घरात तुझी टरकते. आता ज्या मुलीने सप्टेंबरात आंतरशालेय वक्तृत्व स्पर्धेत सगळ्या ठाणे जिल्ह्यातून पहिला नंबर आणला, जिच्या शाळेच्या गेटवर अजून तिच्या फोटोचा बॅनर लटकतोय, तिला असं म्हटल्यावर ती गप्प बसेल का? त्याआधी ती वर्गात हजेरीलासुद्धा इतकं हळू ‘येस टीचर’ म्हणायची की दोनदा गैरहजेरी लागलेली. सप्टेंबरनंतर मात्र तिला एक गोष्ट पक्की कळली होती: माणसाने नीट उभं राहून, श्वास घेऊन, मुद्द्याचं बोललं की समोरच्याला ऐकावंच लागतं.

हर्षितने आधी ट्रेकडे पाहिलं, मग तिच्याकडे. त्याचे कान लाल झाले.

“दोन्ही,” तो म्हणाला.

आणि सगळे हसले. त्याचे काका हसले, बाबा हसले, विकीदादा तर मांडीवर थाप मारून हसला. सुटल्यासारखे हसले सगळे. सरबताचे ग्लास उचलले गेले आणि बोलणी पुढे सरकली. कृतिका पैज जिंकली होती, पण ट्रे घेऊन आत जाताना तिला वाटलं, आपण विचारलेला प्रश्न त्या हसण्यातच बुडाला. आत ओट्यापाशी पायल उभी होती, नवी साडी नेसून. तिने सगळं ऐकलं होतं. ती हसली नव्हती.

हा प्रश्न मुळात पडायचं कारण सगळ्या गावाला माहीत होतं.

खाडीकाठच्या गावांची दर हिवाळ्यात एक टेनिस क्रिकेटची स्पर्धा असते, खाडीपट्टा चषक. मॅच आठ ओव्हरची, पण गावाची अब्रू सगळीच्या सगळी. इतर स्पर्धांमध्ये हल्ली कोणीही कोणाकडूनही खेळतं. आज या मालकाकडे, उद्या त्या मालकाकडे, मोकळे खेळाडू बोली लागली की निघाले. खाडीपट्टा चषकाच्या कमिटीने मात्र जुना नियम सोडला नव्हता. खेळणारा गावचा मुलगा हवा, गावचा भाचा हवा, नाहीतर गावचा जावई. मागे एका गावाने कोणाचा तरी खोटा भाचा आणला होता, तर कमिटीने त्यांना भर स्पर्धेतून घरी पाठवलं. जावयाच्या बाबतीत लग्न झालेलंच पाहिजे असं नव्हतं. सुपारी फुटलेली पाहिजे. दोन्हीकडची चार जाणती माणसं बसली, सुपारी फोडली, वाटली, की तो जावई. आगरी माणसाला फुटलेल्या सुपारीपुढे कागद लागत नाही.

आणि कोपर गाव सलग दोन वर्षं फायनल हरलं होतं. दोन्ही वेळा एकाच कारणाने: पहिल्या दोन ओव्हरमध्ये समोरच्यांनी धुतलं. बॅट्समन होते, फिल्डिंग होती, सुरुवातीला बॉल टाकणारा नव्हता.

त्यामुळे दिवाळीपासून गावदेवीच्या देवळासमोर, वडापावच्या गाडीपाशी, दुसरा विषयच नव्हता. रोज संध्याकाळी प्लॅस्टिकच्या खुर्च्या मांडून तेच. बाहेरचा फास्ट बॉलर आणावा की नाही? आणायचा तर कसा? कृतिका क्लासवरून येताना मुद्दाम तिथे वडापाव घ्यायला थांबायची, कारण तिला ते सगळं भारी आवडायचं. वक्तृत्व स्पर्धेत असे वक्ते नव्हते.

एका बाजूला विकीदादा, तिचा चुलतभाऊ आणि टीमचा कॅप्टन. त्याचं म्हणणं, मॅच सुरुवातीलाच ठरते. समोरच्याचे पहिले दोन बॅट्समन काढले की उरलेले नुसते बॅट धरायला येतात. अशा बॉलरसाठी काय वाट्टेल ते करावं. मोबाइलवर तो हर्षितचे व्हिडिओ लावायचा. टिटवाळ्याकडचा पोरगा, लांब रनअप, आणि बॉल असा यायचा की कॅमेरावाल्यालाही उशिरा दिसायचा.

दुसऱ्या बाजूला सखाराम आजोबा. मिठागरात आयुष्य गेलेलं, पायांच्या भेगा अजून पांढऱ्या. ते वडा बुडवून खायचे चहात, आणि तसंच सावकाश बोलायचे.

“दोन ओव्हरीसाठी जावय करताव?” ते म्हणायचे. “ओव्हर टाकून झाली का संपली. जावय जलमभर जेवतं.”

लोक खदखदून हसायचे. मग ते पुढे सांगायचे की फास्ट बॉलरचा खांदा म्हणजे मिठागराचा बांध. उभा हाय तवर उभा. एकदा चीर गेली की मग वरून किती माती टाका, भरती आत येणारच. आणि बाहेरून आणलेल्या माणसाचा बांध किती जुना, कुठे कुठे लिंपलाय, हे आपल्याला काय ठाऊक? त्यापेक्षा आपला रत्नदीप बरा. मार खाईल, पण आपला मार खाईल.

यावर पोरं ओरडायची. रत्नदीपला बॉलिंग देण्यापेक्षा मॅचच सोडून देऊ, एवढ्यापर्यंत जायची. रत्नदीप स्वतः तिथेच बसलेला असायचा, तोही मान डोलवायचा.

आणि यातच कोणाला तरी आठवलं की हा हर्षित म्हणजे तोच, ज्याचं स्थळ दिवाळीत पायलसाठी आलं होतं आणि काळुरामशेठनी परत पाठवलं होतं.

परत पाठवताना बाबांकडे कारणं भरपूर होती. टिटवाळा लांब. मुलगा भिवंडीला गोडाऊनमध्ये मुकादम. घर जुनं. पायलचं बी.एड.चं शेवटचं वर्ष, तिचं म्हणणं वर्षभर थांबा. ती सगळी कारणं आठवड्याभरात विरघळली. टिटवाळा आता लांब राहिला नाही, तिथेही टॉवर उठतायत. मुकादम म्हणजे तरी काय, हाताखाली माणसं असतात. घर बांधता येतं. फक्त पायलचं कारण विरघळलं नाही, पण ते कोणी पुन्हा काढलंच नाही. ती जेवताना एकदा म्हणाली, “मी म्हटलेलं ना, वर्षभर थांबा.” आई म्हणाली, सुपारी तर फोडतोय, लग्न थोडीच लावतोय उद्या. त्यावर काय बोलायचं? पायल ताट घेऊन उठली. पायल पहिल्यापासून तशीच, घरातलं सगळं बोलणं जणू कृतिकाच्या वाट्याला आलेलं.

तर सुपारी फुटली. कमिटीची माणसं मुद्दाम बोलावली होती, त्यांनी पेढे खाल्ले आणि हर्षितचं नाव कोपरच्या संघात चढलं.

पहिली मॅच झाली तो रविवार कृतिका विसरणार नाही. खाडीच्या बाजूचं मैदान, कडेने तिवरं, एका बाजूला मंडप. मंडपात पुढच्या रांगेत आईच्या शेजारी पायल, कारण जावई खेळणार तर त्याची नवरी दिसली पाहिजे. यूट्यूबवर लाइव्ह चालू. हर्षितने पहिलाच बॉल टाकला आणि मधला स्टंप उपटून मागे जाऊन पडला. समालोचक माईकवर अक्षरशः गायला लागला, कोपरकरांनी पोरगी दिली आणि तोफ आणली म्हणून. कृतिका खुर्चीवर चढली. घसा बसेपर्यंत ओरडली. पैज, प्रश्न, कान लाल झालेला मुलगा, सगळं त्या क्षणी विसरली ती. शेजारी बघितलं तर पायलसुद्धा उभी राहिली होती, आणि तिने तोंडावर हात धरला होता, पण हाताच्या मागे ती हसत होती.

दुसरी मॅच, तिसरी मॅच, तसंच. गावात जो तो म्हणायला लागला की आपण तेव्हाच म्हटलेलं. सखाराम आजोबांनी तेवढं म्हटलं नाही. ते नुसते वडा बुडवत राहिले.

मधल्या काळात पायलचा फोन वाजायला लागला होता. ती बाल्कनीत जाऊन बोलायची. आधी ‘हं’ आणि ‘हो’, मग हळूहळू पूर्ण वाक्यं. कृतिकाला चिडवायला आयता विषय मिळाला. ती म्हणायची, बघ, शेवटी आवडलाच ना. पायल म्हणायची, “आवडला असं नाही. कळायला लागलाय थोडा.” आणि एकदा हे सांगता सांगताच ती थांबली.

“कृती, कोणाला सांगू नकोस. त्याचा खांदा दुखतोय.”

“किती?”

“केस डाव्या हाताने विंचरतो म्हणाला.”

त्या रविवारी मॅचनंतर संघ जेवायला घरी आला तेव्हा कृतिकाने बघितलं. हर्षित ताटापुढे बसला होता. उजवा हात ताटापर्यंत यायचा, पण पाण्याचा जग त्याने डाव्याने उचलला. आईने वरून वाढायला घेतलं तर त्याने ताट पुढे केलं नाही, स्वतः पुढे झुकला. इतर सगळे मॅचबद्दल बोलत होते. कोणाचं लक्ष नव्हतं. आता सगळ्यांना दिसलं पाहिजे असं काहीतरी, आणि कोणालाच दिसत नाही, हे बघून कृतिकाने हातातला घास परत ताटात ठेवला.

हात धुवायला तो मागच्या मोरीपाशी गेला तेव्हा ती टॉवेल घेऊन मागे गेली. सरळ विचारलं, भावोजी, खांद्याचं खरं काय ते सांगा. त्याने आधी टाळलं. मग नळ चालूच ठेवून, हळू आवाजात बोलला.

“दुखतो म्हणालो ना, तर आधी बॉलर म्हणून नापास. मग जावई म्हणून.”

“असं थोडीच असतं?”

“मला तुमच्या घरून आधी एकदा परत पाठवलेलं,” तो म्हणाला. “तेव्हा माझा खांदा चांगला होता.”

त्याने टॉवेल घेतला, तोंड पुसलं आणि हसत बाहेर गेला.

पायलने कोणाला सांगू नकोस म्हटलेलं. कृतिकाने दोन दिवस दम धरला आणि तिसऱ्या दिवशी सांगितलं. तिला वाटलं, ही गुपित ठेवायची गोष्टच नाही, माणसाच्या हाताचा प्रश्न आहे. आधी विकीदादाला सांगितलं. विकीदादा म्हणाला, फास्ट बॉलरला खांदा दुखतो हे सांगतेस तू मला? दुखत नसेल तर तो फास्ट बॉलर नाही. स्प्रे मारू, टेप लावू. मग बाबांना सांगितलं. बाबांनी तिच्यासमोर हर्षितला फोन लावला, स्पीकरवर टाकला आणि विचारलं, जावईबापू, खांदा कसा आहे? पलीकडून आवाज आला, एकदम ठीक. बाबांनी फोन ठेवला आणि हात पसरले. झालं? तोच म्हणतो ठीक आहे.

“तो तसंच म्हणणार ना, बाबा. तुम्ही विचारल्यावर तो दुसरं काय म्हणणार?”

“मग मी विचारू नको?”

स्पर्धेत अशा वेळी घंटा वाजते आणि तुम्ही खाली उतरता. इथे ती तशीच उभी राहिली, बाबा पेपर वाचायला लागले तरी.

ती वडापावच्या गाडीवरही गेली. तिला वाटलं होतं, तिथे निदान वाद तरी होईल. झालाही. तिने सांगितल्याबरोबर दोन तट पडले, सेमीफायनलला त्याला आराम द्यावा की नाही. कोणी म्हणालं, एवढी सुपारी फोडून आणला तो आराम करायला का? कोणी म्हणालं, सेमी रत्नदीपवर काढू, फायनलला जावई काढू, म्हणजे माल शिल्लक राहील. कोणी मोबाइलवर आकडे काढले, कोणी जुन्या बॉलरची उदाहरणं दिली, आवाज चढले, दोन प्लेट वडे वाढले. सगळे हर्षितच्या खांद्याबद्दल बोलत होते आणि एकालाही तो दुखतोय म्हणून वाईट वाटत नव्हतं. कृतिकाला ते कळायला जरा वेळ लागला, कारण ती स्वतःही इतके दिवस याच वादात मजेने वडापाव खात उभी असायची.

सखाराम आजोबांनी तिला जवळ बोलावलं. त्यांनाच ती म्हणाली, आजोबा, तुमचं तर ऐकतील ना?

“मना हसतान फक्त,” आजोबा म्हणाले. “आयकत कवा होते?”

सेमीफायनल कोलशेतकडच्या संघाशी होती. हर्षितच्या टी-शर्टाखाली खांद्यावर निळी टेप चिकटवलेली कृतिकाला मंडपातून दिसत होती. पायल शेजारी बसली होती, दोन्ही हात मांडीवर घट्ट. पहिल्या ओव्हरला विकेट पडली. मैदान उसळलं. आपल्या दुसऱ्या ओव्हरला तो रनअपवर मागे गेला, धावत आला, बॉल सुटला, आणि बॉल कुठे गेला ते कृतिकाने बघितलंच नाही. तिने हात बघितला. सुटल्यावर हात खाली आला आणि नुसता लोंबायला लागला, दोरीला बांधलेल्या कळशीसारखा. हर्षित ओरडला नाही. डाव्या हाताने उजवा हात धरून तो क्रीजवर गुडघ्यावर बसला.

उरलेले बॉल रत्नदीपने टाकले. कोपर जिंकलं. ढोल वाजले. पायल मंडपातून उठून मैदानाच्या कडेपर्यंत गेली, तिथे दोरी होती, आणि आईने तिला मागून हाक मारली की अगं, सगळे बघतायत. ती दोरीपाशी थांबली.

डोंबिवलीतल्या डॉक्टरांनी फोटो काढला, एमआरआय काढला आणि सांगितलं की आतला स्नायू तुटलाय. ऑपरेशन. हात कामापुरता बरा होईल, बॉलिंग संपली. हर्षितला त्याच्या काकांनी टिटवाळ्याला नेलं.

त्या दिवसापासून घरात त्याचं नाव निघेना. भांडण नाही, रडारड नाही, नुसतं नाव निघेना. पायल भेटायला जाते म्हणाली तर आई म्हणाली, लग्नाआधी असं एकटीनं बरं दिसत नाही. मग आपण सगळे जाऊ म्हणाली तर बाबा म्हणाले, फायनल होऊ दे. आईने हळूच असंही म्हटलं की गोडाऊनमधलं काम, तिथे अधूनमधून हात लावावाच लागतो, हात असा असेल तर पुढे कसं. ती हे चिडून नाही म्हणाली. काळजीनेच म्हणाली, आणि तेच जास्त वाईट होतं.

शुक्रवारी विकीदादा आणि टीममधली दोन मोठी माणसं बाबांशी बोलायला आली. कृतिका चहा घेऊन गेली तेव्हा बोलणं ऐन रंगात होतं, आणि तिला बघून कोणी थांबलं नाही, कारण चहा आणणाऱ्याला बघून कोणी थांबत नाही. सुपारी मोडायची हे ठरलंच होतं, मुद्दा फक्त कधी एवढाच होता. सुपारी आत्ता मोडली तर कमिटी विचारणार, मग जावई कसला? मग सेमीफायनल बाद. म्हणून रविवारपर्यंत कोणी अवाक्षर काढायचं नाही. उलट फायनलच्या आधी स्टेजवर जखमी जावयाचा सत्कार ठेवायचा. तो येऊ शकत नाही, तर त्याच्या वतीने पायल शाल-नारळ घेईल. लोकांच्या डोळ्यांत पाणी येईल. मग पुढच्या महिन्यात, सगळं शांत झालं की, मानाने, दोन माणसं पाठवून, परत करायचं ते परत करू.

कृतिकाने ट्रे खाली ठेवला. नीट उभी राहिली. श्वास घेतला.

ती बोलली, आणि चांगलं बोलली. म्हणाली, तुम्ही माणूस आणला तेव्हा तो ताईसाठी आणला असं त्याला सांगितलं. त्याने त्यावर विश्वास ठेवला, म्हणून हात मोडेपर्यंत बॉल टाकला. ताईला तुम्ही तेव्हा विचारलं नाहीत आणि आताही विचारत नाही. जोडताना विचारलं नाही, तोडताना तरी विचारा. तिचा आवाज एकदाही अडखळला नाही. टीममधले ते दोघे खाली मान घालून चहा ढवळत राहिले.

बाबांनी तिचं सगळं ऐकून घेतलं. मग त्यांनी विकीदादाकडे बघितलं आणि त्यांच्या चेहऱ्यावर खराखुरा अभिमान होता.

“काय बोलते बघ,” ते म्हणाले. “पुढच्या वर्षीपण पहिला नंबर हिचाच.”

विकीदादाने टाळ्या वाजवल्या.

कृतिका गच्चीवर गेली. तिथे पायल दोरीवरचे कपडे काढत होती. खाली कोपरच्या रुळांवरून मालगाडी चालली होती, लांबच लांब, संपतच नव्हती. ती जाईपर्यंत कृतिका कपड्यांचे चिमटे गोळा करत राहिली. मग तिने खाली काय ठरलं ते सगळं सांगितलं, शाल-नारळासकट. आणि खांद्याची गोष्ट आपणच फोडली तेही.

“माहितीये,” पायल म्हणाली. “मला राग आलेला. मग वाटलं, बरं झालं. निदान या घरात कोणीतरी बोललं.”

“काही उपयोग झाला नाही.”

“नाही झाला.”

तिने चादरीची दोन टोकं कृतिकाच्या हातात दिली. दोघींनी ती झटकली, दुमडली.

“ताई, तुला काय हवंय? तो हवाय का तुला?”

पायलने चादरीची आणखी एक घडी घातली.

“तू पहिलीच विचारतेयस,” ती शेवटी म्हणाली, “आणि मला उत्तर येत नाहीये, कृती. सुपारी फुटली तेव्हा नको होता. पहिल्या मॅचला हवा होता, पण तेव्हा तर सगळ्या गावाला हवा होता. आता गावाला नकोय, तर मला दया येतेय का तो हवाय, मला कळत नाही. त्याच्याशी मी कधी समोर बसून बोललेच नाही. जेव्हा जेव्हा भेटलो तेव्हा मंडपात पाचशे माणसं.”

तिने चादर छातीशी धरली.

“एकदा नीट भेटायचंय. बस. मग हो असेल तर हो, नाही असेल तर नाही. पण ते मी सांगीन त्याला. दोन माणसं पाठवून नाही.”

“मग जाऊ या.”

“कधी?”

“रविवारी. सगळे ग्राउंडवर असतील.”

पायल घाबरली. म्हणाली, सत्कार आहे. मी स्टेजवर नसले तर कमिटी विचारेल. सेमी बाद होईल, फायनल जाईल, विकीदादा जन्मात तोंड बघणार नाही, आणि बाबा? कृतिकाला एवढंच दिसत होतं की गाव जिंकलं तरी ताई हरणार, गाव हरलं तरी त्याचं खापर ताईवर फुटणार, आणि टिटवाळ्याला एक मुलगा डाव्या हाताने फोन धरून बसलाय.

“गपचूप जाऊ,” पायल म्हणाली. “चिठ्ठी ठेवू.”

“गपचूप नाही,” कृतिका म्हणाली. “मी सांगते त्यांना. तिथे गेल्यावर त्याच्याशी तुझं तू बोल.”

शनिवारी संध्याकाळी बाबा हॉलमध्ये फायनलचे नवे टी-शर्ट बघत बसले होते. आईने पायलसाठी स्टेजवर नेसायची पैठणी काढून सोफ्यावर पसरली होती आणि ब्लाउजचं हुक तपासत होती. आतल्या खोलीचं दार अर्धं उघडं होतं. तिथे पायल उभी आहे हे कृतिकाला माहीत होतं.

ती मधोमध येऊन उभी राहिली. बाबांनी चष्म्यावरून बघितलं आणि आधीच हसले, आता ही काहीतरी छान बोलणार म्हणून. ते हसू बघून कृतिकाला वक्तृत्वाचं एकही वाक्य आठवेना. हात कुठे ठेवायचे तेही कळेना.

“बाबा, आई, मी भाषण नाही करत,” ती म्हणाली. आवाज बारीक आला, हजेरी द्यायची तेव्हासारखा, पण आला. “उद्या मी ताईला घेऊन टिटवाळ्याला जातेय. सकाळीच. ती स्टेजवर नसणार, शाल घेणार नाही. कमिटी काय करेल मला माहीत नाही, आपण हरू पण कदाचित. ती त्याला हो म्हणेल का नाही म्हणेल, तेही मला माहीत नाही, तिलाही अजून माहीत नाही. तुम्ही ओरडा, मारा, काय करायचं ते करा. पण आम्ही जातोय.”